चार पाने जास्त

माझी बायको मार्था हिने चार कादंबऱ्या लिहिल्या. तीन तिच्या डोळ्यांसमोर छापून झाल्या. चौथी छापखान्यात गेली आणि त्याच सुमारास तिला विषमज्वर झाला. गेल्या दिवाळीनंतर ती वारली. त्या चौथ्या कादंबरीचा शेवट छापावा की नाही असा प्रश्न पुढे आला होता. तो कसा सुटला ते लिहून ठेवतो.

आमचे गाव जामखेडहून खर्ड्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गावात मिशनची शाळा आहे. मार्था तिथे शिकवीत असे. मी आधी बेलापूर रोडकडे साखर कारखान्यात फिटर होतो. आता तालुक्यातल्या विहिरींवरची ऑइल इंजिने दुरुस्त करतो. विलायतेकडच्या लढाईमुळे नवे भाग येत नाहीत, म्हणून जुन्या इंजिनांचे काम बरेच असते.

तिची पहिली कादंबरी 'चंद्रावरची विहीर'. एका वर्षी शाळेची विहीर आटली. मुलांना घागरी घेऊन लांबच्या मळ्यात जावे लागे. रांगेत ती गडबड करीत, म्हणून मार्था त्यांना चालता चालता चंद्रावरच्या विहिरीची गोष्ट सांगू लागली. पुढे तीच तिने लिहून काढली. शाळेच्या मडमसाहेबांनी विचारले, "यात भुते आहेत का?"

"नाहीत. यंत्रे आहेत," मार्था म्हणाली.

"मग हरकत नाही. पण कोणाला यंत्रांपुढे प्रार्थना करायला लावू नकोस."

दुसरी 'धातूचे पाखरू'. त्यात खर्ड्याच्या किल्ल्यावर एक लोखंडी पक्षी टपाल घेऊन उतरतो. तिसरी 'आठवा वार'. एका गावाला आठवड्यात एक वार जास्त सापडतो, अशी ती गोष्ट. ही आमचे पाळक कृपादान यांना आवडली नव्हती. देवाने सात दिवस नेमले असताना आठवा कुठून आला, असे त्यांचे म्हणणे. ते घरी येऊन म्हणाले, "मार्थाबाई, विसावा तर सातव्या दिवशी सांगितलाय. आठव्या दिवशी माणसानं करायचं काय?"

"सातव्या दिवशी पुरुष विसावा घेतात, पाळकसाहेब. बायका आठव्या दिवशी घेतील."

ते चहा पिऊन गेले. पुस्तकाचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

पुस्तकावर तिचे नाव म. श. भिंगारदिवे असे असे. त्यामुळे वाचकांची पत्रे 'श्रीयुत' म्हणून येत. सोलापूरच्या एका वकिलाने शेवटी लिहिले होते, आपल्या सौभाग्यवतींना आमचा नमस्कार सांगावा. मार्थाने ते पत्र वाचून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला नमस्कार आलाय."

आता तिची लिहिण्याची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे त्या रीतीवर आहे.

एखादे प्रकरण लिहून झाले की संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर ती शेजाऱ्यांना अंगणात बोलावी. शेजारच्या मळ्यातल्या गोजरबाई, त्यांची जाऊ लंकाबाई, शाळेतली एलिझाबेथ, आणखी कोणी असेल ते. प्रत्येकापुढे ती सुपात भुईमुगाच्या शेंगा ठेवी. बियाण्यासाठी शेंगा फोडायच्या असतातच, तेव्हा कोणी फुकट बसले असे होत नसे. मग ती वाचू लागे. वाचताना तिचे कान शेंगांकडे असत. गोष्टीने मन धरले की हात थांबतात. गोष्ट कंटाळवाणी झाली की हात भराभर चालतात आणि शेंगा फुटण्याचा आवाज वाढतो. आवाज वाढला की ती कागदावर पेन्सिलीने फुली मारी. फुलीचा मजकूर दुसऱ्या दिवशी जाई. कोणाला काय वाटले असे ती कधी विचारीत नसे. म्हणे, "तोंडानं माणसं भिडस्तपणानं बोलतात. हात भिडस्त नसतात."

मीही सूप घेऊन बसत असे. 'धातूचे पाखरू' वाचताना पंखाच्या सांध्यांचे वर्णन आले. माझे हात थांबले. बाकी सगळ्यांचे जोरात चालू होते. तिने फुली मारली. मी नंतर म्हणालो, "ते चांगलं होतं की. मला आवडलं."

"तुम्हाला एकट्याला. एका फिटरसाठी पुस्तक नसतं," ती म्हणाली. आणि ते गेले.

चौथी कादंबरी 'खालचे आभाळ'. एका कोरड्या गावात विहीर खणतात. पाणी लागत नाही, म्हणून खणतच जातात. एक दिवस पहार आरपार जाते आणि भोकातून खालून उजेड येतो. खाली दुसरे आभाळ असते, गाव असते, मोठे तळे असते. वडाऱ्याची मुलगी तुळसा दोराने खाली उतरते आणि तिथे राहते. शेवटी ते पाणी वर न्यायचे असते.

मार्थाच्या मनात होते की तुळसाने वर यावे, विहिरीवर मोठे इंजिन बसवावे आणि पाणी ओढून घ्यावे. तिने मला विचारले. मी म्हणालो, असे होत नाही.

"का नाही? इंजिन हवं तेवढं मोठं आहे. माझ्याच हातात आहे ते."

"कितीही मोठं असू दे. पंप वरून पाणी ओढतो ते पंचवीस-तीस फुटांतून. त्याच्यापेक्षा खोल असलं की ओढून येत नाही. पंप खाली न्यायचा आणि खालून वर ढकलायचं."

"मग खाली न्यायचा. आणि तुळसा वर."

"खाली इंजिनाजवळ माणूस नको? तेल कोण घालणार? पट्टा सरकला तर कोण बसवणार?"

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुळसा वर येत नाही."

मी म्हणालो, मला कादंबरीतले कळत नाही, मी पंपाचे सांगितले. ती म्हणाली, "पंपाचंच बरोबर आहे." मग तिने माझ्याकडून सगळे समजून घेतले. पंप एकावर एक टप्प्याने कसे बसवायचे, नळाला आधार कुठे द्यायचा, झडप कशी असते. मी खडूने ओट्यावर आकृत्या काढल्या. तिने ते सारे शेवटच्या प्रकरणात घातले. हे प्रकरण अंगणात वाचायचे राहिले. सुगी चालू होती, कोणी मोकळे नव्हते, आणि नगरच्या छापखान्याची घाई होती. तिने ते तसेच पाठवले. म्हणाली, प्रूफ आले की वाचून घेऊ. प्रूफ यायच्या आत ती आजारी पडली.

वैशाखात पोतनीसांचा निरोप आला, येऊन जा. पोतनीस म्हणजे तिचे प्रकाशक. नगरला छापखानाही त्यांचाच. पेट्रोल मिळत नाही, म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीने मी नगरला गेलो. पोतनीसांनी मला पाणी दिले, मार्थाबद्दल दोन शब्द बोलले, आणि एक मोठा कागद घेऊन घडी घालून दाखवू लागले.

"हे बघा भिंगारदिवे. एका कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं बसतात. याला आम्ही फर्मा म्हणतो. लढाईमुळे कागद मोजून मिळतो. परवान्यावर मला नऊ फर्म्यांचा मिळालाय. पुस्तक नऊ फर्मे आणि चार पानं होतंय. त्या चार पानांसाठी दहावा फर्मा घ्यायचा तर कागद कुठून आणू?"

"बारीक अक्षर घाला."

"सगळं जुळवून झालंय. तेवढं बारीक टाइप माझ्याकडे नाही. प्रस्तावना काढली, जाहिरात काढली, अर्पणपत्रिका काढली. तरी चार पानं जास्त."

"मग?"

"मग असं. शेवटचं प्रकरणच सोडून द्यायचं. आधीच्या प्रकरणात तुळसा वर यायला दोर हातात धरते. तिथं 'समाप्त' लिहू. वाचक समजेल, ती वर आली. खरं सांगू का, वाचकांना तेच आवडेल. मुलगी खालीच राहते हे कोणाला रुचणार?"

मी म्हणालो, "ती वर येत नाही."

"तुम्हाला माहीत आहे. वाचकाला कशाला माहीत पाहिजे?"

मी म्हणालो, चार पाने मी काढून देतो, प्रकरण ठेवा. पोतनीसांनी प्रूफ माझ्यापुढे सरकवले. "परवाना या महिनाअखेर संपतो. त्याच्या आत आणा. नाहीतर दोर धरलेल्या ठिकाणी समाप्त."

प्रूफ घेऊन मी घरी आलो. कुठली चार पाने काढायची ते मला कळेना. मला सगळेच बरे वाटत होते. तेव्हा तिच्याच रीतीने करावे असे ठरवले. गोजरबाईंना सांगितले, रविवारी प्रार्थनेनंतर अंगणात या, मार्थाचे शेवटचे प्रकरण वाचायचे आहे.

इथे घोटाळा झाला. गोजरबाईंनी लंकाबाईला सांगितले, लंकाबाईने आणखी कोणाला, आणि ते कृपादान पाळकांच्या कानावर गेले तेव्हा त्याची स्मरणार्थ सभा झाली होती. रविवारी सकाळच्या उपासनेत त्यांनी देवळात जाहीरही केले. संध्याकाळी अंगणात माणसे मावेनात. धुतलेले कपडे, बायकांच्या डोक्यावर पदर. मी सुपांत शेंगा घालून ठेवल्या होत्या. पाळकांनी ती सुपे भिंतीकडे सारायला लावली.

"शलमोनभाऊ, आज प्रभूचा वार. आज हाताला काम नको."

एक गीत झाले. प्रार्थना झाली. मग मला वाचायला सांगितले. मी वाचले. माणसे हात जोडून, माना खाली घालून ऐकत होती. खाली राहणाऱ्या लोकांच्या बाजारात वजनाऐवजी आवाजाने धान्य मोजतात असा मजेचा भाग आहे, तिथे कोणी हसले नाही. झडपेला तेल घालायचे आले तिथे लंकाबाईंनी डोळे पुसले. प्रकरण संपले तेव्हा पाळक म्हणाले, "आमेन." सगळे आमेन म्हणाले. गोजरबाईही म्हणाल्या, आणि त्या दर वर्षी मढीला कानिफनाथाच्या जत्रेला जाणाऱ्या.

मी विचारले, "कुठं लांबलं का? काही नकोसं वाटलं का?"

"कायसुदिक न्हाई," लंकाबाई म्हणाल्या. "समदं देवावानी हुतं."

माणसे गेली. सुपे भिंतीशी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई स्वतःच आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत त्यांच्या घरच्या शेंगा.

"फिटरदादा, काल म्या गप बसले. ती पाळकाची सभा हुती. आज वाचा."

"काल ऐकलंत की."

"ऐकलं कुटं? हात जोडले हुते. हात जोडून ऐकलेलं कुनाला कळतंय? मास्तरीणबाई असती तर तिनं समद्यांना हाकललं असतं."

मी एलिझाबेथला वाचायला बसवले, म्हणजे मला सूप घेता येईल. लंकाबाई आल्या. थोड्या वेळाने कृपादान पाळक आले. त्यांनी दारातून विचारले, "आज काय आहे?"

"आज काम आहे," मी म्हणालो.

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि एक सूप ओढून घेतले. त्यांचेही चार पायलीचे बियाणे फोडायचे राहिले होते, पण ते घरी होते. आमच्याच शेंगांवर बसले.

एलिझाबेथ वाचू लागली. सुरुवातीला शेंगा बेताने फुटत होत्या. बाजाराचा भाग आला. एक बाई ज्वारी घेते आणि दुकानदार तिला म्हणतो, मोठ्याने हसा, म्हणजे मापात जास्त बसेल. तिथे लंकाबाई हसल्या आणि सगळ्यांचे हात थांबले. पाळकांचेसुद्धा. मग गावात सभा भरते, तुळसाला विचारतात, दोर वर जाणार आहे, तू येतेस ना. तिथे परत हात थांबले.

मग पंप आले.

पहिल्या दोन-तीन वाक्यांपर्यंत ठीक होते. नंतर आवाज सुरू झाला. टप्पे, नळाचे आधार, झडप, पट्टा. शेंगा अशा फुटत होत्या की एलिझाबेथला आवाज चढवावा लागला. मी ऐकत होतो. ओट्यावर मी काढलेली आकृती जशीच्या तशी शब्दांत होती. मी सांगताना 'झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार' असे म्हणालो होतो, तेही होते. बऱ्याच वेळाने मी खाली पाहिले. माझ्या सुपातली एकही शेंग फुटलेली नव्हती. गोजरबाई माझ्या हातांकडे पाहत होत्या. त्यांचे स्वतःचे हात भराभर चालले होते.

पंपाचे संपले. तुळसा इंजिन चालू करते. वरच्या विहिरीत पाणी पडते. गावातली माणसे नळाला कान लावतात, तेव्हा खालून ठक ठक ऐकू येते. तुळसा पान्याने नळावर ठोकत असते. वरून तिची आई दगडाने नळावर ठोकते. तिथे प्रकरण संपते. अंगणात कसलाच आवाज नव्हता. एलिझाबेथने कागद खाली ठेवले तरी कोणी शेंग उचलली नाही.

मग गोजरबाई म्हणाल्या, "त्ये इंजिनाचं तुमचं हाय का वो?"

"मार्थानं लिहिलंय."

"लिवलंय तिनं. सांगितलंय तुमी. मास्तरीणबाईच्या त्वांडात झडप कवा हुती?" त्यांनी सुपातले फोलपट फुंकून टाकले. "लई लांबलंय, दादा. म्या खरं सांगते. निम्मी पाटी तितंच झाली."

"कशासाठी ते काढता?" पाळक म्हणाले. "बाजाराचं काढा. बाजार काय, पोरखेळ आहे. आणि ती सभा थोडी आखडली तर चार पानं सहज होतात."

"बाजाराला तुमचा हात थांबला हुता, पाळकसाहेब," लंकाबाई म्हणाल्या.

"मी घाम पुसत होतो."

"दोन्ही हातांनी?"

सगळे हसले. पाळकही हसले. माझ्या अंगणात माणसे त्या दिवाळीनंतर पहिल्यांदा हसली.

पाळकांचे म्हणणे मला दोन-तीन दिवस सोडवेना. बाजार आणि सभेतला थोडा भाग मिळून बरोबर चार पाने होत होती. पंपाची पानेही चारच होती. बाजार तिने एकटीने रचला होता. पंपाचे आम्ही दोघांनी मिळून केले होते. तिच्या सगळ्या लिहिण्यात मी असलेली तेवढीच जागा होती. बाजार काढला असता तर कोणाला कळले नसते. गोजरबाईंना कळले असते, पण त्या पुस्तक वाचत नाहीत.

सहादेव म्हणून एका बागायतदाराच्या विहिरीवर मी त्या आठवड्यात काम करीत होतो. पंप वर घेऊन साफ करून परत खाली बसवायचा होता. मी विहिरीत उतरलो होतो. वरून सहादेव काही विचारीत होता, पण खाली नीट ऐकू येत नव्हते. तेव्हा मी पान्याने नळावर दोनदा ठोकले, म्हणजे ठीक आहे. वरून त्यानेही ठोकले. हे आम्ही नेहमीच करतो. मार्थाला ते कधी सांगितल्याचे मला आठवत नाही. तिने कधीतरी काठावर उभे राहून ऐकले असणार.

वर आल्यावर मी घरी जाऊन पेन्सिल घेतली आणि पंपाच्या चारी पानांवर फुली मारली. बाजाराला हात लावला नाही.

महिनाअखेरीच्या आत मी नगरला गेलो. पोतनीसांनी फुल्या पाहिल्या.

"अहो, हे तर तुमच्या धंद्याचं. मला वाटलं, तुम्ही हेच ठेवाल."

"हात एकट्याचाच थांबला."

त्यांना ते कळले नाही. मी समजावूनही सांगितले नाही. पण एक अडचण होती. पंपाचे सगळे काढले तर तुळसा खाली का राहते ते वाचकाला समजले नसते. ती रुसून राहिली असे वाटले असते. मी पोतनीसांना म्हणालो, त्या चार पानांतले एक वाक्य राहू द्या. ते असे होते: 'वरून ओढून हे पाणी येत नाही, खालून ढकलावे लागते, आणि ढकलणाऱ्याला खालीच राहावे लागते.'

पोतनीसांनी अक्षरे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला हाक मारली. त्याने पान पाहिले, बोटाने ओळी मोजल्या आणि म्हणाला, "सभेच्या शेवटी दोन ओळी मोकळ्या आहेत. तिथं बसतंय." त्याने माझ्यासमोरच शिशाच्या अक्षरांचे खिळे उचलून ते वाक्य बसवले. बाकीचे खिळे खोक्यातल्या आपापल्या घरांत परत टाकले. ते टाकताना शेंगांसारखाच आवाज होतो.

पुस्तक पावसाळ्यात निघाले. बरोबर नऊ फर्मे. मी एक प्रत एलिझाबेथला दिली, एक पाळकांना. गोजरबाईंना विचारले, तुम्हाला हवे का. त्या म्हणाल्या, "वाचता येत न्हाई, पन द्या. लुगड्याच्या घडीत ठिवीन."

पोळ्याच्या सुमारास बेलापूर रोडकडून एक पत्र आले. वर लिहिले होते, श्रीयुत म. श. भिंगारदिवे यांस. लिहिणारा कोणी दानीएल नावाचा, तिकडे उसाच्या मळ्यात इंजिनावर आहे. त्याने लिहिले होते की पुस्तक फार आवडले, शेवट दोनदा वाचला, पण एक शंका आहे. इतक्या खोलवरून पाणी ढकलायचे तर एका पंपाने होणार नाही. आपण पंप कसे बसवले ते पुस्तकात दिले नाही. आपणांस माहीत असल्यास कृपा करून कळवावे.

मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो. आधी लिहिले की लेखिका माझी बायको होती आणि ती आता नाही. मग पंपाचे लिहिले. टप्पे, नळाचे आधार, झडप, पट्टा. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारे दार, हेही लिहिले. पोतनीसांनी परत दिलेले प्रूफ पेटीत होते, पण ते काढावे लागले नाही.

चार पाने झाली.